बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: पाण्यामुळे राहिलेलं जंगल, आणि तिथे कधी जावं

रानवाट

"नॅशनल पार्कला कधी जावं?" हा प्रश्न आपल्या या चर्चामंचावर दर पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि नाताळच्या सुट्टीत पुन्हा येतो. उत्तरं मिळतात, पण चार धाग्यांत विखुरलेली. म्हणून हा एक धागा. सुरुवात इतिहासापासून करतोय, कारण कधी जावं याचं उत्तर त्यातच आहे. हे जंगल पाण्यामुळे राहिलं, आणि आजही तिथला प्रत्येक महिना ओढ्यात पाणी किती यावरच ठरतो.

मुंबई बेट पूर्वी विहिरींवर आणि तलावांवर जगायचं. धोबी तलाव, गोवालिया टँक ही आज चौकांची नावं आहेत. तेव्हा तिथे खरोखरचं पाणी होतं. लोकसंख्या वाढली, १८५४ ला मोठी टंचाई पडली आणि पाणी बेटाबाहेरून, साष्टीच्या डोंगरातून आणायचं ठरलं. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहार तलावाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६० ला पुरं झालं. मुंबईला नळाने आलेलं पहिलं पाणी ते हेच. पुढे १८७९ ला तुळशी तलाव बांधून झाला.

तलाव बांधला की काम संपत नाही. भोवतीचे डोंगर उघडे पडले तर पहिल्या दोन-तीन पावसांत माती थेट तलावात येते, साठा घटतो, पाणी गढूळ होतं. म्हणून पाणलोटातली जमीन राखली गेली, तिथे वस्ती आणि शेती पसरू दिली नाही. वाघ-बिबट्यांसाठी जंगल राखायचं हा विचार फार पुढचा.

आज विहारची क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर आणि तुळशीची ८,०४६. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पुरवलं जातं, म्हणजे दोन्ही मिळून शहराचा नऊ-सव्वानऊ दिवसांचा पुरवठा. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांच्या एकूण साठ्यात यांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटेल, पण या अडीच टक्क्यांपायी एवढं मोठं रान शहराच्या मधोमध उभं आहे.

उद्यान म्हणून सुरुवात झाली ती कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान या नावाने, जेमतेम २० चौरस किलोमीटरवर. १९६९ ला शेजारची राखीव वनं जोडायला सुरुवात झाली. सत्तरच्या दशकात नाव बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं, १९८१ ला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि १९९६ ला ठाण्याकडचं वन धरून आजचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र ठरलं. पुस्तकांत स्थापनेची सालं निरनिराळी दिसतात, कारण कोणी पहिलं नाव धरतं, कोणी क्षेत्रवाढ, कोणी अधिसूचना. साल वाचताना ते नेमकं कशाचं आहे एवढं पाहिलं की घोळ होत नाही.

अतिक्रमणाचाही इतिहास आहेच. १९९५ ची जनहित याचिका आणि मुंबई उच्च न्यायालयाचा मे १९९७ चा आदेश यांनंतर झोपड्या हटवण्याचं आणि पुनर्वसनाचं काम सुरू झालं. ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा, इथे विस्तार करत नाही.

आता कधी जावं, थोडक्यात. लेणी आणि लांब चाल यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. फुलपाखरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर. हिरवं रान आणि वाहते ओढे बघायचे तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर, जुलै नव्हे. फुललेली झाडं बघायची तर फेब्रुवारी-मार्च, फक्त सकाळी. प्रत्येकावर जाणकारांनी भर घालावी.

सोमवारी उद्यान बंद असतं. दर वेळी कोणीतरी सोमवारी जाऊन परत येतं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

पोढी

उत्तम सुरुवात. नावावरून एक भर. "कृष्णगिरी" हे काही कचेरीत बसून ठरवलेलं नाव नाही. उद्यानातल्या कान्हेरी या बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत या डोंगराचं नाव कण्हगिरी, म्हणजे काळा डोंगर. त्याचंच संस्कृत रूप कृष्णगिरी आणि मराठी रूप कान्हेरी.

पाण्याचा मुद्दाही विहार तलावाच्या १८०० वर्षं मागे नेता येतो. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंतची. एवढे भिक्षू डोंगरमाथ्यावर बारमाही राहायचे तर पाणी कुठलं? पावसाचं. भिक्षूंच्या बहुतेक राहत्या लेण्यांच्या दाराशेजारी एका अंगाला कातळात खोदलेलं टाकं आहे. शिलालेखांतला त्याचा शब्द "पोढी". दान देणाऱ्याने लेणं दिलं की लेखात बहुतेक वेळा "लेण" आणि "पोढी" असे दोन्ही शब्द शेजारी येतात. पोढीशिवाय लेणं निरुपयोगी, हे तेव्हाच्या दात्यांना ठाऊक होतं. हे दाते कल्याण, सोपारा, चौल अशा बंदरांतले आणि बाजारपेठांतले होते.

जाल तेव्हा नुसत्या मूर्ती बघून फिरू नका. लेण्याबाहेरच्या कातळावर खाली वाकून बघा. उतारावर चार बोटं रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतील. छतावरून पडलेलं पाणी पायरीवर न सांडता त्या पन्हळीतून वळून टाक्याच्या तोंडाशी येतं. काही टाक्यांच्या काठाला खाचा आहेत. सप्टेंबरअखेर पाऊस थांबून दोन दिवस झाले की ही व्यवस्था चालू स्थितीत दिसते: टाकी काठोकाठ, पन्हळीत ओल, पण पायऱ्या बऱ्यापैकी सुकलेल्या. लेण्यांचा अभ्यास करणाऱ्याला माझ्या मते यापेक्षा चांगला काळ नाही. धाग्यात डिसेंबर लिहिलंय ते चालण्यासाठी बरोबर, पाणी बघण्यासाठी नाही.

वेळ कमी असेल तर एवढं चुकवू नका:

लेणं ३, चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. ३४ खांब, आणि व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती. इथल्या लेखात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचा काळ येतो.

लेणं ११, दरबार. मधोमध लांबच लांब दगडी बाक.

लेणं ३४, छतावर अर्धवट राहिलेलं बुद्धाचं चित्र. विजेरी नेली नाही तर काहीच दिसणार नाही. मोबाईलचा उजेड छतापर्यंत नीट पोचत नाही.

लेणं ४१, अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व.

लेणं ९०, पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख, इसवी सन १००९ आणि १०२१ चे. इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. पारशी समाजाच्या इतिहासातले हे फार मोलाचे पुरावे आहेत.

हे सगळं आणि वरचा माथा धरून तीन तास ठेवा. लेणी पाच वाजता बंद होतात.

गोरेगावची नवी

दोन्ही प्रतिसाद वाचनखुणेत. माझा सरळ प्रश्न आहे. मुलं ६ आणि ९ वर्षांची. जुलैत एखाद्या रविवारी धबधब्यात भिजायला न्यायचं ठरतंय. वर "जुलै नव्हे" असं लिहिलंय, त्याचं कारण कळेल का?

दहिसरकाठ

ताई, कारण नीट सांगतो, कारण ते कळलं की पुढे कुठल्याच ओढ्यावर चूक होणार नाही.

उद्यानातून दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या निघतात, आणि विहार-पवईच्या सांडव्यातून मिठी. सगळ्या आखूड, तीव्र उताराच्या. डोंगरमाथा चारशे मीटरच्या वर आणि समुद्र सात-आठ किलोमीटरवर. खाली कातळ. जून-जुलैत माती पाणी पिऊन तुडुंब झाली की नंतर पडणारा थेंब मुरत नाही, वाहतो. म्हणून वर माथ्यावर अर्धा तास जोराची सर आली की खाली पाणी मिनिटांत चढतं. तुम्ही उभ्या असाल तिथे कदाचित ऊनही असेल. घोट्याएवढं पाणी कमरेला येतं ते असं.

धोक्याच्या खुणा तीन. स्वच्छ पाणी अचानक चहाच्या रंगाचं होतं. पाण्याबरोबर ताजी हिरवी पानं आणि काटक्या वाहून येऊ लागतात. आणि आवाज जड होतो. यातली एकही दिसली की सामान तिथेच सोडून मुलांना घेऊन काठावर, आडव्या दिशेने वर चढायचं. प्रवाहाच्या बाजूने खाली पळायचं नाही, पलीकडच्या काठावर जायचा प्रयत्नही करायचा नाही. माणसं अडकतात ती बहुतेक वेळा पलीकडच्या काठावर गेल्यामुळे.

आणि मुळात ओढ्यात-धबधब्यात उतरायला उद्यानात मनाई आहे. सुरक्षारक्षक हटकतात ते यासाठीच.

जुलैत मुंबईत महिन्याभरात ८०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला, आणि मिठीने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती मिठी याच डोंगरातली.

मुलांना पाऊस दाखवायचा तर जरूर न्या. गेटजवळचा सपाट डांबरी रस्ता, दहिसर नदीवरचे पूल, आणि पुलावरून खाली वाहणारं पाणी. एवढ्यात दोन तास मजेत जातात. आदल्या दिवशी हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करा. ऑगस्टच्या शेवटी याल तर सरी विरळ होतात, हिरवाई तीच राहते.

रानवाट

अगदी नेमकं. चपलांबद्दल एक भर: पावसाळ्यात कान्हेरीच्या पायऱ्यांवर शेवाळाचा पातळ, काळपट थर येतो. तो ओला असताना दगडासारखाच दिसतो, त्यामुळे पाय पडेपर्यंत कळत नाही. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट शूज सगळ्यात वाईट. खोल खाचांचा रबरी तळ हवा. उतरताना पायरीच्या मधोमध, जिथे माणसांच्या पायांनी दगड घासून स्वच्छ झालाय, तिथूनच उतरा. कडेला शेवाळ जास्त असतं.

कुडाकारवी

झाडांचं मी लिहितो. हे मिश्र पानझडी रान आहे. साग, ऐन, खैर, कुडा, कळंब, मोह, बहावा, कुसुम, पांगारा, काटेसावर, पळस. पानझडी म्हणजे वर्षातून दोनदा रूप पालटतं. ज्यांनी फक्त पावसाळी रान पाहिलंय त्यांनी निम्मंच पाहिलंय.

जानेवारीअखेर साग पानं टाकायला लागतो. फेब्रुवारीत वाटेवर त्या पानांचा असा थर असतो की पाखरू चाललं तरी चाहूल लागते. त्याच सुमारास काटेसावर, मागोमाग पळस आणि पांगारा फुलतात, सगळी बिनपानांच्या फांद्यांवर. काटेसावरीच्या एका झाडाखाली अर्धा तास बसून राहिलात तर साळुंक्या, कोतवाल, तांबट, सूर्यपक्षी, खारी आणि माकडं एवढी हजेरी सहज लागते. फुलांत गोड रस असतो, त्यासाठी ही गर्दी. मार्चमध्ये कुसुमला तांबडीलाल पालवी येते, लांबून ती फुलंच वाटतात. एप्रिल-मे बहाव्याचे.

उन्हाळ्यात साडेदहापर्यंत बाहेर पडा. उघड्या कातळावर उष्णता साठते, सावली देणाऱ्या झाडांना पानं नसतात, आणि वाटेत पाणी मिळत नाही. माणशी तीन लिटर. फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचाही काळ. वाळलेल्या गवतात विडीचं एक थोटूक पुरतं. काडेपेटी, लायटर, सिगारेट गेटच्या आत न्यायचीच नाही.

आता कारवी, हे जांभळ्या फुलांचं झुडूप. यावर दर वर्षी चुकीची माहिती फिरते म्हणून सविस्तर. कारवी आठ वर्षांतून एकदा, सगळी एकदम फुलते. उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली. पुढचा हंगाम २०३२ चा. अधल्यामधल्या वर्षी एखादं चुकार झुडूप फुललेलं दिसतं, त्याचा फोटो पसरतो, आणि लोक जांभळा डोंगर बघायला जाऊन निराश होतात. बहर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतो. फुलून बी धरलं की झुडूप मरतं. बोंडं झाडावरच वाळतात, आणि पुढे फुटून बी उडतं तेव्हा रानात तडतड ऐकू येते. त्या बियांतून नवी पिढी येते आणि पुढच्या बहरापर्यंत नुसती उंच होत राहते.

कारवीच्या काठ्या सरळ, हलक्या आणि चिवट. पाड्यांवरच्या वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या, वरून माती-शेणाचं लिंपण. उद्यानात असे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घराच्या भिंतीचे, पाड्यावरच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

मे-जूनच्या संधीला गेटबाहेर पाड्यांवरच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात: आधी शेवळं, पाऊस लागला की टाकळा, मग कंटोळी. त्यांच्याकडून घ्या. आतून स्वतः काही खुडून आणायचं नाही, राष्ट्रीय उद्यानात पाहुण्याने पानही तोडायचं नसतं. शेवळाबरोबर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मागून घ्यायला विसरू नका, त्यांच्या आंबटपणाशिवाय घसा खवखवतो.

नवरंग

पक्ष्यांचं राहिलं. सरळ महिन्यांप्रमाणे.

मेच्या शेवटी, पावसाच्या आधी आठ-दहा दिवस, नवरंग येतो. दिसण्याआधी ऐकू येतो: दोन सुरांची स्पष्ट शीळ, पहाटे आणि संध्याकाळी. दिवसा तो जमिनीवर पाचोळा उकरत असतो, त्यामुळे झाडावर शोधून उपयोग नाही.

जून-जुलैत तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, नारिंगी-जांभळा, आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो. याच्याबद्दल कळकळीची विनंती. बिळासमोर कॅमेरे लावून माणसं उभी राहिली की पालक पक्षी चोचीत भक्ष्य घेऊन लांब फांदीवर ताटकळतात आणि आत पिल्लं उपाशी राहतात. घरट्याची जागा कळली तर ती कुठेही टाकू नका, या धाग्यावरही नको. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर अजिबात नको. विणीच्या काळात त्याला तो आवाज म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो, आणि तो खाणं सोडून भांडायला येतो.

पावसाळ्यात कान्हेरीकडच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तुर. माणूस शीळ घालतोय असंच वाटतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुण्यांचा काळ: स्वर्गीय नर्तक, वेगवेगळे माशीमार, वटवटे. भृंगराज, राखी धनेश, कुटुरगा आणि तांबट बारमाही. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. दहानंतर रस्त्यावर गाड्या आणि माणसं वाढतात, पाखरं आत सरकतात.

फुलपाखरांचं गणित उलटं. त्यांना ऊन लागतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये साडेनऊ ते साडेअकरा. खुळखुळ्याचं झुडूप सापडलं की तिथेच थांबा. त्याच्या सुकलेल्या भागातून नर फुलपाखरं रसायनं शोषतात आणि एका झुडपावर डझनांनी लटकलेली असतात. राज्य फुलपाखरू नीलवंतही याच दिवसांत दिसतं. गोरेगावला चित्रनगरीच्या रस्त्यावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. मुलांना फुलपाखरं शिकवायची तर तिथल्या मार्गदर्शित फेऱ्या बोरिवलीच्या गर्दीपेक्षा बऱ्या. नाव आधी नोंदवावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये वाटेवर आडवी, पिवळसर चमकणारी मोठी जाळी लागतात. राक्षसी कोळ्याची. तळहाताएवढी मादी मधोमध बसलेली असते. ती माणसाला काही करत नाही. काठीने जाळं तोडू नका, वाकून खालून जा.

ठाणेकर भटक्या

बिबट्याची भीती कितपत खरी? घरचे नाही म्हणतात. आणि वाघ जंगलात मोकळे आहेत का?

येऊरची वाट

वाघ आणि सिंह सफारीच्या कुंपणात आहेत. ते बंद जाळीच्या बसमधून बघायचे. रानात मोकळा आहे तो बिबट्या.

बिबट्यांची मोजणी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यावरून ओळख पटते. २०१५ ला उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ ला ४७. एवढे असून दिवसा फिरणाऱ्याला दिसत नाहीत, कारण ते रात्री हिंडतात आणि माणसाची चाहूल लागली की बाजूला होतात. त्यांच्या खाण्यात वस्तीच्या कडेची भटकी कुत्री मोठ्या प्रमाणात असतात, आणि कुत्री येतात कचऱ्यापाशी. म्हणून कडेच्या सोसायट्यांनी कचरा झाकून रोज उचलणं हा बिबट्यापासून बचावाचा पहिला उपाय.

२००४ च्या आसपास हल्ल्यांची मालिका झाली होती. अभ्यासकांनी दाखवलेलं मोठं कारण असं की दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडले जात होते. अनोळखी मुलखात आलेलं जनावर बिथरतं, आणि आधीपासून हद्द धरून राहिलेल्यांचीही घडी विस्कटते. ते थांबलं. २०११ पासून वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून जनजागृतीचं काम केलं, त्याचाही फरक पडला. पाड्यांवरचे वारली वाघोबाला पूजतात. हद्द सांभाळून शेजारी राहायचं हे त्यांना कोणी शिकवावं लागलेलं नाही.

फिरणाऱ्याने पाळायचं एवढंच: अंधार पडायच्या आत बाहेर. मुलांना मागे एकटं सोडायचं नाही, मधे घ्यायचं. चालताना साध्या आवाजात बोलत राहायचं. झुडपात उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखा वाटतो. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, लहान मूल असेल तर उचलून घ्या आणि नजर न काढता हळूहळू मागे सरका.

तुम्ही ठाण्याचे म्हणून: येऊर आणि घोडबंदरकडचा चेना-नागला पट्टा याच उद्यानाचा भाग आहे. येऊरला वन विभागाचा तपासणी नाका आहे आणि आतल्या वाटांना परवानगी लागते. तुळशी आणि विहार हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही. नकाशाच्या ॲपवर येऊरहून तुळशीकडे जाणारी रेघ दिसते, तिच्या भरवशावर निघालेले लोक पकडले जातात आणि गुन्हा नोंदवला जातो. विहारमध्ये मगरीही आहेत.

गोरेगावची नवी

जुलै रद्द केला. आता बेत डिसेंबरचा, बरोबर ७० वर्षांच्या सासूबाई आणि दोन्ही मुलं. त्यांना लेणी बघायचीच आहेत. दिवस कसा बसवू?

रानवाट

शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते शुक्रवारातला दिवस धरा. शाळांच्या सहली असतात, पण त्या साधारण दहानंतर येतात.

मेट्रोने आलात तर ७ क्रमांकाच्या मार्गिकेवर "राष्ट्रीय उद्यान" नावाचंच स्थानक आहे, मुख्य प्रवेशद्वार लगेच खाली. लोकलने बोरिवली पूर्वेला उतरून रिक्षाने पाच-दहा मिनिटं. साडेसातला गेटवर हवे. तिकीट दोनदा लागतं: गेटवर वन विभागाचं, आणि लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं. वर मोबाईलला रेंज धड मिळत नाही, ऑनलाइन पैसे अडकतात. सुटे पैसे जवळ ठेवा, किंवा दुसरं तिकीट घरूनच ऑनलाइन काढून स्क्रीनशॉट ठेवा.

गेटपासून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर, शेवटचा भाग चढाचा. सासूबाईंना चालवू नका, बस घ्या. बस सुटेपर्यंतच्या वेळात गेटजवळच्या सपाट रस्त्यावर पाखरं बघत फिरा. वनराणी, म्हणजे छोटी रेल्वे, मे २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांचं नुकसान झाल्यापासून दीर्घकाळ बंद होती. मुलांना तिचं वचन देण्याआधी खिडकीवर विचारा. सफारी करायचीच तर लेण्यांवरून परत आल्यावर, आणि तिचं तिकीट जाताना काढून ठेवा, दुपारी रांग वाढते.

वर पोचलात की सासूबाईंसाठी लेणं १, २, ३ आणि पुढे ११ एवढं पुरे. तिथपर्यंत पायऱ्या आहेत, पण उंची एकसारखी नाही आणि कठडा सगळीकडे नाही. त्यांच्या उजव्या हाताला एक माणूस आणि डाव्या हातात काठी. मुलांना कोणीतरी ३४ आणि ४१ दाखवून आणेल तोवर त्यांनी दरबार लेण्यातल्या दगडी बाकावर बसावं. आत गार असतं, शाल ठेवा.

खाणं फक्त पाठीवरच्या सॅकमध्ये. हातातली प्लास्टिक पिशवी माकडं हमखास ओढतात. पिशवीच्या चुरचुरीचा आवाज झाला की खाऊ असतो, हे ती माणसांकडूनच शिकली आहेत. ओढलीच तर सोडून द्या, ओढाताणीत चावा बसतो. आणि कितीही गोड दिसलं तरी पिल्लाला चणे-केळी देऊ नका, पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप पडते ती त्यामुळेच.

पाणी माणशी दोन लिटर. घरी आल्यावर मुलांच्या मोज्यांची घडी, गुडघ्याची मागची बाजू आणि कानामागे गोचीड बघा. पावसाळ्यानंतरच्या गवतातून हिवाळाभर असतात. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, रॉकेल किंवा तेल लावत बसू नका.

पोढी

एकच बदल सुचवतो. परतीची शेवटची बस किती वाजता ते चढतानाच चालकाला विचारा आणि तिच्या आधीच्या बसने उतरा. शेवटच्या बसला सगळी गर्दी एकदम येते, सासूबाईंना उभं राहावं लागेल. आणि लेणं ३ ला पोचलात की मुलांना बुद्धमूर्तीच्या पायाशी नेऊन वर बघायला सांगा, मगच सात मीटर म्हणजे केवढं ते त्यांना कळेल.

गोरेगावची नवी

सगळं वहीत उतरवून घेतलं. डिसेंबरचा दुसरा बुधवार ठरला.